चार्ल्सटनच्या चार निवांत दिवसांची तयारी

अटलांटा, शार्लट, राले या भागांतल्या मराठी घरांत लाँग वीकेंड जवळ आला की चार्ल्सटनचा विषय निघतो. शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघायचं आणि सोमवारी रात्री परत यायचं. साउथ कॅरोलायनाचं हे बंदराचं शहर अशा धावपळीत पाहूच नये असं मला मनापासून वाटतं, शिवाय खोल्यांचे भावही तेव्हाच चढलेले असतात. त्यामुळे तयारीतलं पहिलं काम कॅलेंडर पुढ्यात घेऊन बसण्याचं. रजा मिळत असेल तर सोमवार ते गुरुवार धरा. शाळेमुळे ते जमणार नसेल, तर निदान मेअखेरीस सुरू होणाऱ्या स्पोलेटो या संगीत-नाट्य महोत्सवाचे १७ दिवस आणि वसंत ऋतूतल्या कूपर रिव्हर ब्रिज रन या धावण्याच्या शर्यतीचा शनिवार टाळा. महोत्सवासाठीच जाणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मग खोली कित्येक महिने आधी धरावी लागते.

ऋतूबद्दल माझं मत ठाम आहे. मार्चच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत जावं, तेव्हा बागांतून अझेलिया फुललेली असते. नाहीतर ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३२-३३ अंशांवर असतो आणि हवा इतकी दमट, की सकाळी दहानंतर चालणं नको होतं. चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात. १९८९ च्या सप्टेंबरमध्ये ह्यूगो वादळ याच किनाऱ्यावर आदळलं होतं. या महिन्यांत जाणार असाल तर पैसे परत मिळतील असंच बुकिंग घ्या, मग त्यासाठी चार डॉलर जास्त गेले तरी चालतील. शहर रिकामं करण्याचा आदेश निघाला तर वाद घालत न बसता निघायचं असतं.

तारखा पक्क्या करण्याआधी आणखी एक गोष्ट पाहा, जी फारसं कुणी पाहत नाही. ती म्हणजे भरतीचं वेळापत्रक. अ‍ॅशली आणि कूपर या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूशिरावर हे शहर आहे आणि त्याचे बरेच भाग खाड्या बुजवून केलेले आहेत. बंदरातली भरती ७ फुटांच्या आसपास गेली की आभाळ निरभ्र असतानाही सखल रस्त्यांवर पाणी येतं. जुन्या सिटी मार्केटचा परिसर तर बुजवलेल्या ओढ्यावरच उभा आहे. शरद ऋतूत हे जास्त होतं. अमेरिकेच्या हवामान खात्याच्या संकेतस्थळावर भरतीच्या वेळा आणि उंची आधीच कळतात, त्या कागदावर उतरवून घ्या. मोठ्या भरतीच्या तासा-दोन तासांत मार्केटकडे जायचं नाही आणि गाडी खाऱ्या पाण्यातून न्यायची नाही. हे दोन नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

राहण्याच्या जागेचं गणित साधं आहे. माउंट प्लेझंट किंवा नॉर्थ चार्ल्सटनला खोल्या स्वस्त मिळतात, पण मग रोज पूल ओलांडायचा, पार्किंग शोधायचं आणि दुपारी दमल्यावर परत जायला जवळ काही नाही. माझ्या मते एक रात्र कमी करावी, पण भूशिरावरच, कॅल्हून स्ट्रीटच्या दक्षिणेला राहावं. तिथून टोकाच्या व्हाइट पॉइंट गार्डनपर्यंतचं अंतर दीड मैलाच्या आसपास आहे. म्हणजे बहुतेक सगळं पायी होतं आणि दुपारची झोप खोलीत येऊन घेता येते. चार दिवसांच्या निवांतपणातला मोठा वाटा त्या झोपेचा आहे. गाडी एकदा गॅरेजमध्ये लावली की गावापुरती विसरून जा. पाय दुखले तर गावात डॅश नावाची मोफत बस फिरते. आई-बाबा भारतातून आलेले असतील तर लिफ्ट आहे का हे फोन करूनच विचारा, कारण जुन्या वास्तूंमधल्या छोट्या हॉटेलांत कधी कधी नुसते जिने असतात. खोलीत फ्रिज आणि मायक्रोवेव्ह असल्याचीही खात्री करून घ्या.

आता तिकिटं. चार दिवसांत दोनच गोष्टी वेळ ठरवून बांधा, इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियम आणि फोर्ट सम्टरची फेरी. बाकी काहीही आधी बांधून घेऊ नका.

म्युझियमबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पुष्कळ जण ते वगळतात. सुट्टीत कशाला इतकं जड, असं म्हणतात. पण या शहरातले रंगीत वाडे, लोखंडी फाटकं, ओकच्या राया यांचा पैसा आला कुठून, हे पाहिल्याशिवाय चार्ल्सटन पाहिलं असं म्हणता येत नाही. गुलाम म्हणून उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी माणसांपैकी सुमारे ४० टक्के याच बंदरातून आत आली असा अंदाज सांगितला जातो. १८०८ च्या आरंभी ही आयात कायद्याने थांबली, आणि त्याआधीच्या शेवटच्या वर्षांत हजारो माणसं गॅड्सडेन्स वॉर्फ या धक्क्यावर उतरवली गेली. जून २०२३ मध्ये उघडलेलं हे म्युझियम त्याच धक्क्याच्या जागी उभं आहे. इमारत खांबांवर उचलून धरलेली आहे, माणसं उतरली ती जमीन तिने व्यापू नये म्हणून. खालच्या मोकळ्या जागेत उथळ पाण्याखाली, जहाजाच्या तळात दाटीने निजवलेल्या माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत. आतमध्ये वंशावळ शोधून देणारं केंद्र आहे. ज्यांच्या पूर्वजांची नावंच नोंदवली गेली नाहीत, अशी कुटुंबं तिथे कागद चाळत बसलेली दिसतात.

त्यामुळे तिकीट दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं घ्या. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असतो आणि शेवटच्या दिवशी लक्ष सामानाकडे. त्या दिवसाची दुपार पूर्ण मोकळी ठेवा. जेवून खोलीवर या, संध्याकाळी वॉटरफ्रंट पार्कमधल्या मोठ्या झोपाळ्यांवर बसा. मुलं नऊ-दहा वर्षांची किंवा मोठी असतील तर घरूनच त्यांच्याशी बोलून निघा, तिथे दारात उभं राहून समजावणं अवघड जातं. चामर्स स्ट्रीटवर ओल्ड स्लेव्ह मार्ट म्युझियम आहे. १८५६ मध्ये उघड्यावर माणसांचे लिलाव करायला शहराने बंदी घातली, तेव्हा ते बंद आवारांत सुरू झाले, त्यांतली ही एक जागा. ती तिसऱ्या दिवसासाठी ठेवा, एका दिवशी दोन्ही नकोत. कॅल्हून स्ट्रीटवरून जाताना मदर इमॅन्युएल चर्च लागेल. १७ जून २०१५ रोजी तिथे प्रार्थनेला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीय माणसांना एका वर्णद्वेष्ट्याने गोळ्या घालून मारलं. तिथे आजही नियमित उपासना होते. पायऱ्यांवर हसरे सेल्फी काढू नयेत, एवढं मुलांनाही सांगा.

फोर्ट सम्टरला फक्त बोटीने जाता येतं. १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे या किल्ल्यावर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं. जाऊन-येऊन सव्वादोन तास लागतात. दिवसातली पहिली बोट घ्या, कारण सकाळी किल्ल्यावर झेंडा चढवला जातो आणि पर्यटकांनाही हात लावायला मिळतो. बोटीत मुलांना रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट सांगायला विसरू नका. १३ मे १८६२ च्या पहाटे, गुलामीत असलेल्या या २३ वर्षांच्या सुकाणूवाल्याने ‘प्लँटर’ हे दक्षिणेतल्या फुटून निघालेल्या राज्यांच्या सैन्याचं जहाज बायकामुलांसह याच बंदरातून पळवलं. कप्तानाची टोपी घालून, ठरलेल्या खुणेच्या शिट्ट्या देत तो सम्टरच्या तोफांसमोरून निघून गेला, आणि पुढे अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. बोटीवर वारा फार असतो, त्यामुळे एप्रिलमध्येही एक स्वेटर आणि कानटोपी हाताशी हवी.

बॅग भरताना बुटांचा विचार आधी करा. चामर्स स्ट्रीट दगडगोट्यांचा आहे, इतर फुटपाथच्या विटा झाडांच्या मुळांनी वर आल्या आहेत. सपाट तळाचे, वापरून सैल झालेले बूट घ्या. सुती कपडे, घडीची छत्री, पाण्याच्या बाटल्या, आणि कीटकांचा स्प्रे. खाडीच्या दलदलीत डोळ्यांना जेमतेम दिसणारी चिलटं असतात आणि ती संध्याकाळी कडकडून चावतात. ओहोटीच्या वेळी चिखलाचा उग्र वास येतो, तो इथला नेहमीचाच. औषधं नेहमीपेक्षा दोन दिवसांची जास्त घ्या.

खाण्याची तयारी शाकाहारी मंडळींनी घरूनच करावी. इथला स्वयंपाक नावावरून शाकाहारी वाटतो आणि तसा नसतो. हॉपिन जॉन म्हणजे चवळीच्या जातीच्या कडधान्याचा भात, पण त्यात डुकराचं मांस असतं. रेड राइस टोमॅटोचा असतो, पण त्यात बहुधा बेकन किंवा सॉसेज. कॉलर्डची पालेभाजी हॅमच्या हाडाबरोबर शिजवतात. भेंडीच्या सूपचंही तेच. म्हणून ‘व्हेज आहे का’ एवढं विचारून भागत नाही, कशात शिजवलं, कोणत्या तेलात तळलं, हे विचारा. तळलेली भेंडी, तळलेले हिरवे टोमॅटो, कॉर्नब्रेड आणि ग्रिट्स बहुतेक ठिकाणी मिळतात. ग्रिट्स म्हणजे मक्याचा रवाळ भरडा, शिजल्यावर आपल्या कण्यांसारखा लागतो. तो पाण्यात शिजवलाय की मांसाच्या रश्शात, हे मात्र विचारावं लागतं. मासे-कोळंबी खाणाऱ्यांची चंगळ आहे. श्रिंप अँड ग्रिट्स इथेच खावं, आणि खेकड्याच्या गाभोळीचं शी-क्रॅब सूपही. आई-बाबांसाठी दशम्या, कोरडी चटणी, मेतकूट आणि पोहे बरोबर असू द्या. रात्री बाहेर जायचा कंटाळा आला तर मेतकूट-भातावर भागतं. कॅरोलिना गोल्ड हा इथला जुना तांदूळ मिळाला तर एक पिशवी घ्या. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या माणसांना भातशेतीचं ज्ञान होतं. त्या ज्ञानावर आणि त्यांच्या कष्टांवर हा तांदूळ पिकला आणि मळेवाले गबर झाले.

शहराबाहेर एकच फेरी करा, तिसऱ्या दिवशी. बागांची मोठमोठी प्लांटेशन्स, म्हणजे जुने मळे, पुष्कळ आहेत, पण निवड करायची तर मी जेम्स आयलंडवरचं मॅकलाउड निवडीन. तिथले मार्गदर्शक गुलाम म्हणून राबलेल्या माणसांच्या आयुष्यापासून सुरुवात करतात. त्यांची लाकडी घरं अजून ओळीने उभी आहेत आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांत माणसं राहत होती. तिथून जॉन्स आयलंडवर एंजल ओक बघायला जा. शेकडो वर्षांचा हा वृक्ष, फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर गेलेल्या. मुलांना त्यावर चढू देऊ नका. पुढे वॉडमलॉ बेटावर चहाचा मळा आहे, चार्ल्सटन टी गार्डन, आणि चहाबाज मंडळींना तिथून हलवणं कठीण. या सगळ्या भागात तळ्याकाठी मुलांचा हात सोडू नका, अ‍ॅलिगेटर खरोखरच असतात. समुद्रात डुंबायचं असेल तर वृद्धांबरोबर आयल ऑफ पाम्सचं काउंटी पार्क बरं, तिथे स्वच्छतागृहं आहेत.

उरलेला वेळ गावात पायी. रेन्बो रोची १३ रंगीत घरं पूर्वाभिमुख आहेत, त्यामुळे फोटो सकाळी काढा. एका खोलीच्या रुंदीची, अरुंद बाजू रस्त्याकडे आणि लांब ओसरी बागेकडे केलेली घरं दिसतील. वारा खेळावा म्हणून केलेली ही रचना. भिंतींवर लोखंडी चकत्या दिसल्या तर त्या १८८६ च्या मोठ्या भूकंपानंतर भिंती आवळून धरायला घातलेल्या सळ्यांची टोकं आहेत. हे सगळं टिकलं ते शहराने १९३१ मध्येच जुन्या भागासाठी संरक्षणाचा नियम केला म्हणून. घरांत माणसं राहतात, फाटक उघडं दिसलं म्हणून आत शिरू नये. घोडागाडी घेणार असाल तर कोणत्या रस्त्यांनी जायचं ते शहराच्या सोडतीत ठरतं, गाडीवानाकडे हट्ट धरून उपयोग नाही.

खरेदीसाठी रोख पैसे बाजूला काढा. सिटी मार्केटमध्ये आणि माउंट प्लेझंटच्या हायवे १७ वर गला गीची, म्हणजे इथे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या वंशजांच्या समाजाच्या बायका स्वीटग्रासच्या टोपल्या विणत बसतात. ही कला आफ्रिकेतून आलेली आहे आणि पूर्वी अशाच पसरट टोपल्यांतून इथला भात पाखडत असत. छोट्या टोपलीलाही चाळीस-पन्नास डॉलर सहज पडतात, मोठ्यांना शेकड्यांनी. विणायला किती वेळ लागला ते विचारा, पण घासाघीस करू नका. परवडत नसेल तर विणलेलं एखादं फूल घ्या.

परतीच्या दिवशी सकाळी नाश्ता करून निघा. आय-ट्वेंटीसिक्स महामार्गावर दुपारनंतर गर्दी वाढते आणि अटलांटापर्यंत पाच तास, शार्लटपर्यंत साडेतीन तास लागतात. वाटेत हाताने लिहिलेली ‘बॉइल्ड पीनट्स’ची पाटी दिसली तर थांबा. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या गरम शेंगा आहेत त्या, दोन पिशव्या घ्या, एक गाडीतच संपते.