तुळेतील रवीपाशी थांबायला शिका : नव्या अभ्यासकांसाठी

रवीचे कारकत्व, म्हणजे ज्योतिषात तो ज्या गोष्टी दर्शवतो त्यांची यादी, पाठ व्हायला फार दिवस लागत नाहीत. आत्मा, पिता, राजसत्ता, हाडे, डोळे. सिंह ही स्वराशी, मेषेच्या 10 अंशांवर परमोच्च (सर्वांत बलवान), तुळेच्या 10 अंशांवर परमनीच (सर्वांत दुर्बळ), विंशोत्तरी या ग्रहदशांच्या पद्धतीत 6 वर्षांची महादशा (अंमलाचा काळ), एवढे तुम्हाला येत असेलच. खरी कसोटी पहिली नीच रवीची पत्रिका समोर येते तेव्हा लागते.

तुळेत रवी दिसला की ‘पितृसुख नाही, आत्मविश्वास नाही’ हे फलित ओठांवर येते. हा मोह माझ्या मनातून जायला बराच काळ गेला, म्हणून बजावून सांगतो : तिथेच थांबा. रवी एका राशीत सुमारे महिनाभर असतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जन्मलेल्या प्रत्येकाचा रवी तुळेतच असणार, आणि या सर्वांना एकच फलित सांगणारा पत्रिका पाहतच नसतो. वेगळेपण येते ते लग्नामुळे, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीमुळे; तिच्यापासूनच पत्रिकेचे बारा भाव मोजतात. एकाच दिवशी, एकाच गावी जन्मलेली दोन मुले घ्या. सकाळी धनु लग्नावर जन्मलेल्याचा रवी भाग्येश (नवव्या भावाचा स्वामी) होऊन लाभस्थानी (अकराव्या भावात) बसतो, तर सूर्यास्तानंतर वृषभ लग्नावर जन्मलेल्याचा रवी चतुर्थेश (चौथ्या भावाचा स्वामी) होऊन षष्ठात (सहाव्या भावात) जातो. राशी तीच, अंशही जवळपास तेच, पण विचार करायचे भाव पूर्णपणे निराळे. त्यानंतर तुळेचा स्वामी शुक्र लग्नापासून किंवा चंद्रापासून केंद्रात (1, 4, 7 किंवा 10 व्या भावात) आहे का, म्हणजे नीचभंग (नीचपणाचा दोष रद्द) होतो का, आणि गुरूची दृष्टी आहे का, हे पाहावे. इतके पाहिल्यावर पहिल्या नजरेचे भय बहुधा टिकत नाही, तेव्हा धीर सोडू नका.

संगणकाने काढलेली पत्रिका वापरायला हरकत नाही. तिच्याखाली छापलेले तयार फलित मात्र वाचूच नये, असे माझे ठाम मत आहे. त्याऐवजी रवीचे स्थान जन्मवेळेशी ताडून पाहण्याची सवय लावा. सूर्योदयाच्या जन्मात रवी लग्नाच्या आसपास असतो, मध्यान्हीच्या जन्मात दशमाच्या, सूर्यास्ताच्या जन्मात सप्तमाच्या आणि मध्यरात्रीच्या जन्मात चतुर्थाच्या. दुपारी बाराचा जन्म सांगूनही रवी चतुर्थात दिसला, तर वेळ भरताना दुपार आणि मध्यरात्र यांची अदलाबदल झालेली असण्याचा संभव मोठा. ही पडताळणी न शिकवता थेट योगांवर नेणाऱ्या गुरूंकडे फार काळ राहू नये.

बुधादित्य योगाबाबतही, म्हणजे रवी आणि बुध एकाच राशीत असण्याबाबतही, संयम बाळगा. बुध रवीपासून साधारण 28 अंशांपलीकडे जातच नाही, त्यामुळे हा योग असंख्य पत्रिकांत सापडतो. दोघांतील अंतर अंशांत मोजून बुध अस्तंगत (रवीच्या तेजात झाकलेला) आहे का, हे आधी ठरवावे. आणि रवी निर्बळ दिसला म्हणून लगेच माणिक हे रवीचे रत्न सुचवू नका. मकर लग्नाला रवी अष्टमेश असतो, मीन लग्नाला षष्ठेश, आणि हे दोन्ही भाव अशुभ मानले जातात. अशा रवीचे बळ वाढवावे की नाही, हा निर्णय नवशिक्याने अनुभवी अभ्यासकाला विचारल्याशिवाय घेऊच नये.