स्विस गार्डचा हुद्दा ओळखायचा तर खांद्याकडे बघू नका

रोमच्या यात्रेला निघालेल्या आमच्या वसईच्या मंडळींना मी विमानात बसायच्या आधीच सांगून ठेवते: व्हॅटिकनच्या दारात निळ्या-लाल-पिवळ्या पट्ट्यांच्या पोशाखात उभी असलेली मुलं शोभेसाठी ठेवलेली नाहीत. ते सैनिक आहेत. व्हॅटिकन हा जेमतेम ०.४४ चौरस किलोमीटरचा देश. ही १३५ जणांची तुकडी म्हणजे पोप महोदयांची सेना. गार्ड व्हायचं तर स्वित्झर्लंडचा नागरिक हवा, कॅथलिक हवा, तिथल्या सैन्याचं प्राथमिक प्रशिक्षण झालेलं हवं, आणि भरतीच्या वेळी अविवाहित. वय १९ ते ३०, उंची किमान १७४ सेंटिमीटर. हे सगळं पार करून आलेल्या माणसाकडे नुसतं ‘काय छान ड्रेस’ म्हणून बघणं मला पटत नाही. निदान तो शिपाई आहे की साहेब, एवढं तरी आपल्याला कळायला हवं.

आपली नजर सवयीने खांद्यावर जाते. आपल्याकडे साहेबांचे तारे आणि अशोकस्तंभ खांद्यावर असतात, हवालदाराच्या तीन फिती दंडावर. स्विस गार्डच्या सोहळ्याच्या पोशाखात हुद्दा असा शोधू नका. डोक्यापासून सुरुवात करा आणि खाली या: तुरा, अंगरखा, मनगट, हातातलं शस्त्र.

शिरस्त्राणावर शहामृगाच्या पिसांचा तुरा असतो. लाल तुरा साध्या शिपायाचा, त्याला हेलेबार्डिअर म्हणतात. जांभळा तुरा अधिकाऱ्यांचा. पिवळा-काळा दिसला तर तो ढोल वाजवणाऱ्यांपैकी. त्यांचा पोशाखही पिवळा-काळाच असतो. पांढरा तुरा मात्र दोघांना मिळतो: सगळ्यांच्या वरच्या कमांडरला आणि फेल्डवाइबेलला, म्हणजे आपल्या भाषेत हवालदार-मेजरच्या तोडीच्या माणसाला. म्हणून पांढरी पिसं दिसली की लगेच ‘तो बघा कमांडर’ म्हणून बोट दाखवू नका. नजर छातीवर आणा. वर काळा अंगरखा आणि खाली किरमिजी विजार असेल, तर तो फेल्डवाइबेल. वरपासून खालपर्यंत सगळंच किरमिजी, बाह्यांवर सोनेरी भरतकाम आणि हातात लांब तलवार असेल, तर तो कमांडर. त्याचा हुद्दा ओबर्स्ट, म्हणजे कर्नल.

काळा-किरमिजी पोशाख वाख्टमाइस्टरचाही असतो. हा आपल्या हवालदारासारखा, फेल्डवाइबेलच्या खालचा. त्याच्याकडे पांढरा तुरा नसतो, एवढी खूण पुरते. संपूर्ण किरमिजी पोशाखात कमांडरशिवाय उपकमांडर, मेजर आणि कॅप्टन असतात. तुकडीचे फादरही हुद्द्याने लेफ्टनंट कर्नलच्या बरोबरीचे मानले जातात, पण त्यांना तुऱ्याच्या हिशेबात धरू नका.

खरी कसोटी लागते ती पट्ट्यांच्या पोशाखातल्या मुलांमध्ये, कारण लांबून सगळी सारखीच दिसतात. इथे मनगट बघायचं. बाहीच्या कफावर लाल गोफ असेल तर तो कॉर्पोराल, म्हणजे आपल्या नाईकासारखा. मग हात बघायचा. हेलेबार्डिअरच्या हातात लांब दांड्याचं हॅलबर्ड असतं: वर भाल्याचं टोक, एका बाजूला कुऱ्हाडीचं पातं, दुसऱ्या बाजूला आकडा. कॉर्पोरालचं शस्त्र जास्त भाल्यासारखं दिसतं. दुर्बीण नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करा. कफ आणि पातं हे दोनच फोटो काढलेत तरी रात्री हॉटेलवर निवांत ओळखता येतं.

तेवढ्यात शिरस्त्राणाची कडही बघून घ्या. त्यावर ओक वृक्ष उठवलेला असतो. ती हुद्द्याची खूण नाही. ते दुसरे पोप ज्युलियस यांच्या घराण्याचं चिन्ह आहे. त्यांनीच ही सेना उभी केली. २२ जानेवारी १५०६ रोजी पहिले १५० स्विस सैनिक रोममध्ये आले. पोशाख मायकलअँजेलोने बेतला असं तुम्हाला तिथे हमखास कोणीतरी सांगेल. ते खरं नाही. आजचा पोशाख कमांडर ज्यूल रेपाँ यांनी जुनी चित्रं अभ्यासून १९१४ च्या सुमारास ठरवला.

तुरे बघायचे तर दिवस नीट निवडा. एरवी पहाऱ्यावर काळी बेरे टोपी असते आणि तुरा नसतो. सांता आना दरवाजाशी तर साध्या निळ्या गणवेशातले गार्ड भेटतात. छातीवर चिलखत आणि गळ्याभोवती पांढरी चुणीदार कॉलर असा पूर्ण थाट नाताळ आणि ईस्टरच्या आशीर्वादाच्या वेळी, आणि ६ मे च्या शपथविधीला. ही तारीख माझ्या गटातल्या प्रत्येकाला पाठ असावी असा माझा आग्रह असतो. १५२७ साली त्याच दिवशी रोम लुटलं गेलं. १८९ गार्डपैकी १४७ जण लढताना पडले आणि उरलेल्या ४२ जणांनी सातवे पोप क्लेमेंट यांना तटावरच्या वाटेने सांत आंजेलोच्या किल्ल्यात सुखरूप नेलं. नवा गार्ड शपथ घेताना डावा हात ध्वजावर ठेवतो आणि उजव्या हाताची तीन बोटं वर धरतो, पवित्र त्रैक्यासाठी. तो क्षण बघायला मिळाला तर मोबाईल खाली ठेवा.

तो ध्वजही वाचता येतो. पांढऱ्या क्रुसाने त्याचे चार भाग होतात. त्यांतल्या एकात ज्युलियस यांचं चिन्ह कायम असतं, तर दुसऱ्या एकात सध्याच्या पोप महोदयांचं. मधोमध सध्याच्या कमांडरच्या घराण्याचं चिन्ह असतं. म्हणजे पोप किंवा कमांडर बदलले की ध्वजही नवा होतो. तुमच्या घरी कोणा नातेवाईक फादरांनी रोमहून पाठवलेला जुना फोटो असेल आणि त्यात हा ध्वज स्पष्ट दिसत असेल, तर आधी पोप महोदयांचं चिन्ह जुळवा, मग मधलं कमांडरचं. दोघांच्या कारकिर्दी जिथे एकत्र येतात, तेवढ्या वर्षांतला तो फोटो.