बाण जड करायचाय? मग आधी शाफ्ट (बाणाची दांडी) बघा

हे सगळं अमेरिकेत, परवाना काढून धनुष्यबाणाने होणाऱ्या व्हाइटटेल हरणाच्या शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा तिथल्या कोणी हे वाचून जंगलाकडे निघू नये.

ऑक्टोबर, म्हणजे शिकारीचा हंगाम, जवळ आला की रेंजवर (सरावाच्या मैदानावर) दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, ३५० ग्रेनचा (ग्रेन म्हणजे बाण तोलायचं छोटं माप) बाण लाव, कळायच्या आत पोचतो. दुसरा ६५० च्या खाली बोलूच देत नाही. हा ६५० चा आकडा, बाण किती आत घुसतो याचा अभ्यास करणाऱ्या एड अ‍ॅशबी यांच्या आफ्रिकेतल्या चाचण्यांमधून आलाय, आणि तो मोठ्या जनावरांच्या जाड हाडांसाठी आहे. हरणाच्या बरगडीला तेवढं लागत नाही.

पहिलं काम म्हणजे पूर्ण बाण तोला. शाफ्ट, इन्सर्ट (पॉइंट बसवायचा तुकडा), पॉइंट (पुढचं टोक), व्हेन (मागची पिसं), नॉक (दोरीत अडकणारी खाच), सगळ्यासकट. एक ग्रॅम म्हणजे साधारण १५.४ ग्रेन, त्यामुळे पूर्ण ग्रॅमच दाखवणारा स्वयंपाकाचा काटा इथे कामाचा नाही.

दुसरं, स्वतःच्या धनुष्याचा वेग क्रोनोग्राफवर (बाणाचा वेग मोजायचं यंत्र) मोजा. कॅटलॉगमधला वेग ७० पाउंड ताण, ३० इंच ड्रॉ (दोरी खेचायची लांबी) आणि ३५० ग्रेनच्या बाणावर काढलेला असतो. माझा ड्रॉ २७ इंच आणि ५५ पाउंड. म्हणजे तो आकडा माझ्यापेक्षा धिप्पाड माणसाचा. माझ्याकडे ३५० ग्रेनचा बाण २५५ फूट प्रति सेकंदाने जातो, ४५० चा २२८ ने.

आता हिशेब. दोन्हींची गतिज ऊर्जा जवळपास सारखीच, ५०-५२ फूट-पाउंड. संवेग मात्र जड बाणाचा १५ टक्के जास्त, आणि आरपार जायला तोच उपयोगी. शिवाय धनुष्याची जास्त ताकद बाणात जाते, त्यामुळे आवाज आणि थरथर कमी. २० यार्डांवर जड बाण उशिरा पोचतो तो सेकंदाच्या तीन शतांशांनी. दोरीच्या आवाजाने दचकणारं हरीण हलक्या बाणालाही दचकतंच.

‘हलका बाण सरळ जातो, अंतर चुकलं तरी चालतं’ हे तर मला ऐकवतच नाही. हवेचा रोध सोडून गणित केलं, तर २५ यार्डांवरचं हरीण तुम्ही २० वर धरलंत की हलका बाण सव्वातीन इंच खाली लागतो, जड सव्वाचार. ४५ ला ४० धरलंत तर सहा आणि साडेसात. हरणाचं मर्मस्थान आठ-दहा इंचांचं. त्याच्या मधोमध नेम धरला असेल, तर लांबून दोन्ही बाण चुकलेच. बाण हलका करण्याऐवजी रेंजफाइंडर (अंतर मोजायचं यंत्र) घ्या.

माझं मत सांगतो: ताणाच्या प्रत्येक पाउंडामागे आठ ग्रेन धरा, ५५ ला ४४०. पाउंडामागे एखाद-दोन ग्रेन इकडेतिकडे चालेल. पाउंडामागे पाचच्या खाली कधीच नाही. इतक्या हलक्या बाणाने धनुष्याला रिकामी दोरी सोडल्यासारखा दणका बसतो आणि लिंब (धनुष्याचे वाकणारे हात) फुटू शकतात.

इथपर्यंत सोपं होतं. मी फसलो ते पुढे.

माझ्याकडे ४०० स्पाइनचे (स्पाइन म्हणजे शाफ्टच्या ताठपणाचा आकडा) शाफ्ट होते, पुढे १०० ग्रेनचा पॉइंट. कुणीतरी म्हणालं, ‘२०० चा लाव की, झाला जड.’ लावला. २० यार्डांवर साधे पॉइंट ठीक लागले, म्हणून मी निवांत. मग फिक्स ब्लेडचा ब्रॉडहेड (शिकारीचं, न मिटणाऱ्या पात्यांचं टोक) चढवला, तर बाण आठ इंच बाजूला. तीन आठवडे मी रेस्ट (धनुष्यावर बाण टेकतो तो भाग) इकडून तिकडे सरकवत होतो. रेस्टचा काहीच दोष नव्हता.

झालं असं होतं: वेताच्या टोकाला ओल्या मातीचा गोळा लावून मागून झटका द्या. गोळा जागचा हलत नाही, वेत मधे वाकतो. दोरी बाणाला तेच करते. पॉइंट जड केला की तोच शाफ्ट लेचापेचा वागायला लागतो, तिरपा निघतो, आणि ब्रॉडहेडची पाती पुढे लावलेल्या पंखांसारखी त्याला आणखी ओढून नेतात. साध्या पॉइंटला पाती नसतात, म्हणून दोष लपतो.

स्पाइनचा आकडा उलटा असतो, हे नीट लक्षात घ्या. २८ इंचांवर टेकवून मधोमध १.९४ पाउंड टांगल्यावर ०.४०० इंच वाकतो तो ४००. म्हणजे ३४० त्याहून ताठ. मी हे उलटं समजून एकदा ५०० चे शाफ्ट आणले होते. पैसे पाण्यात.

तपासायला चौकटीत ताणलेल्या कागदातून पाच-सहा फुटांवरून बाण सोडा. एक गोल भोक आणि व्हेनच्या तीन चिरा दिसल्या की उत्तम. शेपूट वर किंवा खाली फाडत असेल तर रेस्टची उंची किंवा नॉकिंग पॉइंट (दोरीवर नॉक अडकतो ती जागा) बघा. आडवं फाडत असेल तर रेस्ट थोडी सरकवून पाहा. तरीही फाटतच असेल, तर दोन्ही लिंब बोल्ट (धनुष्याचा ताण ठरवणारे स्क्रू) सारखेच एकेक फेरा सैल करून परत सोडा. फाटणं कमी झालं, तर शाफ्ट कमजोर आहे. ही युक्ती रेंजवरच्या एका म्हाताऱ्याने दाखवली. ती आधी माहीत असती तर माझे तीन आठवडे वाचले असते.

कमजोर शाफ्टवर तीन उपाय: पॉइंट हलका करा, शाफ्ट आखूड कापा (पूर्ण ताणल्यावर रेस्टच्या पुढे इंचभर उरलाच पाहिजे), नाहीतर ताठ शाफ्ट घ्या. मी तिसरा घेतला. ३४० चा साडेनऊ ग्रेन प्रति इंचाचा शाफ्ट साडेसत्तावीस इंच कापला, २५ चा इन्सर्ट, १२५ चा पॉइंट, व्हेन-नॉक मिळून पस्तीसेक. ४४६ भरला. वजन शाफ्टमध्येच आलं, टोकाला लोंबकळलं नाही.

मग ब्रॉडहेड आणि साधा पॉइंट २० आणि ३० यार्डांवर आलटून पालटून सोडा. दोन्ही एकाच जागी लागेपर्यंत साइटला (धनुष्यावरच्या नेम धरायच्या खुणेला) हात लावू नका. सरावातली पाती बोथट होतात, ती शिकारीला वापरू नका. नवीन पाती खोक्यातच ठेवा.