पेसमेकर बसवण्याआधीची आणि नंतरची तयारी

आईच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 42 पर्यंत उतरले आणि डॉक्टरांनी कायमचा पेसमेकर, म्हणजे तारांमधून हृदयाला विजेचे बारीक ठोके देऊन त्याची गती राखणारे छोटे यंत्र, बसवण्याचा सल्ला दिला, तेव्हा आम्हाला तयारीसाठी चार दिवस मिळाले. पुष्कळांना तेवढेही मिळत नाहीत. चक्कर येऊन पडल्यावरच ते दवाखान्यात पोहोचतात आणि त्यांना आधी मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून तात्पुरता पेसमेकर लावावा लागतो. ज्यांच्या हाती थोडे दिवस आहेत, त्यांनी ते कसे वापरावेत हे येथे लिहीत आहे.

सुरुवात औषधांपासून करावी. रोजची सर्व औषधे, त्यांची मात्रा आणि वेळ एका कागदावर लिहावी आणि कोणत्या औषधाची अॲलर्जी आहे तेही त्यावर नोंदवावे. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती शेजाऱ्यांच्या किंवा नातेवाइकांच्या सांगण्यावरून बंद करू नये. पूर्वी वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी थांबवून त्याऐवजी हेपॅरिन या तशाच औषधाची इंजेक्शने देण्याचा प्रघात होता. परंतु 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः कॅनडात केलेल्या अभ्यासात असे दिसले, की हेपॅरिन दिलेल्यांपैकी 16 टक्के रुग्णांच्या जखमेत रक्ताची त्रासदायक गाठ झाली, तर वॉरफेरिन चालूच ठेवलेल्यांत हे प्रमाण 3.5 टक्के होते. म्हणून कोणती गोळी थांबवायची, कधी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिन यांबाबतही उपाशी राहण्याच्या दिवसाची सूचना वेगळी विचारावी.

ताप, दुखरी दाढ, पायावरची चिघळलेली जखम किंवा लघवीची जळजळ असेल, तर ती लपवू नये. पेसमेकरच्या जागी जंतुसंसर्ग झाला, तर बहुधा यंत्र आणि तारा दोन्ही काढाव्या लागतात. त्यापुढे शस्त्रक्रिया काही दिवस लांबणे केव्हाही परवडते. याच कारणासाठी छातीवरचे केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत, कारण त्वचेवर बारीक ओरखडे उठतात आणि तेथून जंतूंना वाट मिळते.

खर्चाची चौकशी करताना यंत्राची किंमत विचारून थांबू नये. यंत्र एका तारेचे आहे की दोन तारांचे, रुग्णाला त्यांपैकी नेमके कोणते आवश्यक आहे आणि का, बॅटरी साधारण किती वर्षे चालेल आणि पुढे एमआरआय (शक्तिशाली चुंबकाने होणारी तपासणी) करता येईल का, हे विचारावे. एमआरआयचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्यासाठी यंत्र आणि तारा दोन्ही त्या तपासणीला योग्य असाव्या लागतात. म्हातारपणी कंबरेची किंवा मेंदूची तपासणी कधी करावी लागेल, हे आज सांगता येत नाही. सरकारी योजनेतून उपचार घ्यायचे असतील, तर शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला, आधीच भेटावे.

यंत्र सहसा डाव्या कॉलर बोनच्या खाली, त्वचेखाली बसवतात, कारण बहुतेक लोक उजव्या हाताने कामे करतात. रुग्ण डावखुरा असेल किंवा ओझे नेहमी डाव्या खांद्यावर वाहत असेल, तर ते आधीच सांगावे. नंतरच्या दिवसांसाठी पुढून बटणांचे सैल कपडे न्यावेत. डोक्यावरून घालायचा कुर्ता किंवा बनियन चालत नाही. स्त्रियांनी अंतर्वस्त्राचा पट्टा आणि पदराची पिन जखमेवर येणार नाही, याची व्यवस्था करावी. शस्त्रक्रिया बहुधा तेवढीच जागा बधिर करून होते आणि सर्वसाधारणपणे एक ते दोन तासांत संपते. रुग्ण जागा असू शकतो, हे त्याला आधी सांगितले तर त्याची भीती बरीच कमी होते.

घरी आल्यानंतरचे पहिले चार ते सहा आठवडे सर्वांत नाजूक असतात, कारण तारेचे टोक हृदयाच्या आतल्या भिंतीत अजून घट्ट रुजलेले नसते. त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये, पाण्याची बादली उचलू नये, फळीवरचा डबा काढू नये आणि अंगण झाडू नये. मात्र हात अगदी जखडूनही ठेवू नये, नाहीतर खांदा आखडतो. जखम कोरडी ठेवावी. लालसरपणा, स्राव, ताप, पुन्हा चक्कर किंवा न थांबणारी उचकी यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. सरकलेली तार श्वासपटलाला विजेचे ठोके देऊ लागली, तर अशी उचकी लागते. आणि जखमेपाशी सूज आली, तर जवळच्या दवाखान्यात सुई घालून ती रिकामी करू देऊ नये, कारण त्यातून जंतू थेट यंत्रापर्यंत पोहोचू शकतात.

घरातील पंखा, मिक्सर, दूरदर्शन यांची भीती बाळगण्याचे कारण नाही. मोबाइल मात्र यंत्रापासून किमान 15 सेंटिमीटर दूर असावा. आपल्याकडे पुरुष तो सदऱ्याच्या डाव्या खिशात ठेवतात, ती सवय दवाखान्यातून निघतानाच मोडावी. इंडक्शन शेगडीपासून सुमारे 60 सेंटिमीटर अंतर ठेवावे, तिच्यावर वाकून भांडे ढवळू नये. आर्क वेल्डिंग, मोठे जनित्र किंवा चालू इंजिन हाताळण्याचे काम असेल, तर ते घरी येण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगून स्पष्ट उत्तर घ्यावे.

आता ओळखपत्राविषयी. यंत्र बसवल्यावर मिळणाऱ्या छोट्या कार्डावर कंपनी, मॉडेल, क्रमांक, तारांचा प्रकार आणि बसवल्याची तारीख असते. आईच्या खांद्याच्या दुखण्यासाठी आम्ही एका फिजिओथेरपी केंद्रात गेलो, तेव्हा तेथे तिला डायथर्मीचा, म्हणजे विद्युतलहरींनी आत खोलवर उष्णता देणारा, शेक देण्याची तयारी झाली होती. पेसमेकर असलेल्याला तो देऊ नये, हे कोणी विचारलेच नव्हते. आईने पाकिटातून कार्ड काढून पुढे ठेवले आणि शेकाचे यंत्र बंद झाले. तेव्हापासून त्या कार्डाची एक प्रत माझ्याकडे, एक भावाकडे आणि मोबाइलमध्ये एक छायाचित्र असते. दंतवैद्य, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर आणि विमानतळावरील सुरक्षारक्षक यांना ते आधी दाखवावे. नियमित तपासणीच्या तारखा त्याच पाकिटात लिहून ठेवाव्यात, कारण बॅटरी उतरत आल्याचे तपासणीत आधीच कळते. तेव्हा मूळ यंत्र बदलतात. तारा चांगल्या असतील तर त्याच राहतात.

एक गोष्ट बोलायला जड जाते, पण ती याच कागदावर असायला हवी. दहनाच्या वेळी बॅटरी फुटू शकते, म्हणून अंत्यसंस्कारापूर्वी यंत्र काढून घ्यावे लागते. घरातील किमान दोघांना हे माहीत असावे आणि मृत्यूचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांना पेसमेकर असल्याचे त्यांनी त्याच वेळी सांगावे.