मूठभर पीठ घेऊन विश्वास शिकवताना

मराठवाड्यातल्या संडे स्कूलमध्ये विश्वासाचा धडा घ्यायचा असेल तर येशूने शांत केलेलं गालील समुद्रातलं वादळ पुढच्या वेळी घ्या. आधी बायबलमधलं 1 राजे 17, म्हणजे राजांच्या पहिल्या पुस्तकाचा 17 वा अध्याय, उघडा. पाऊस नाही, संदेष्टा एलीया ज्याचं पाणी पीत होता तो करीथचा ओहोळ आटलाय, तो सारफथ गावच्या वेशीत येतो, तिथे एक विधवा काटक्या गोळा करतेय. टँकरमागे घागर घेऊन धावलेल्या पोराला दुष्काळ समजावून सांगावा लागत नाही.

6 ते 10 वर्षांची दहा-बारा मुलं आणि 40 मिनिटं पुरतात. सामान थोडंच: झाकणाचं छोटं मडकं, त्यात मूठभर ज्वारीचं पीठ, बाटलीत चमचाभर तेल, दोन काटक्या. चित्रं त्या दिवशी नकोत. चित्र दिसलं की मडक्यात कुणी डोकावत नाही.

मडकं आधी सगळ्यांच्या हातून फिरवा. "यात किती भाकरी होतील?" चुलीपुढे बसणारं एखादं पोर लगेच सांगतं, धड एकही नाही. मग गोष्ट सुरू करा. एलीया आधी पाणी मागतो. ती आणायला वळते, तेव्हा मागून हाक मारून भाकर मागतो. ती सांगते, एवढंच उरलंय, मी आणि माझा मुलगा खाऊ आणि मरू. तो म्हणतो, भिऊ नको, पण आधी मला छोटी भाकर करून आण. इथे थांबा. "तुम्ही दिली असती?" बहुतेक जण नाही म्हणतील. म्हणू द्या, दुरुस्त करू नका. तो नकार मोकळेपणी आला नाही तर तिच्या देण्याला वजनच येत नाही.

सगळ्यात जास्त चूक होते ती पुढे. काही शिक्षक लपवलेलं पीठ ओतून मडकं भरून दाखवतात. मुलं टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन फक्त जादू सांगतात. बायबलमध्ये पोतं भरल्याचं कुठेच नाही. पाऊस पडेपर्यंत पीठ सरलं नाही, तेल आटलं नाही, एवढंच आहे. म्हणजे रोज सकाळी तिला मडक्यात हात घालून बघावंच लागत होतं. प्रत्येक मुलाला डोळे मिटून हात घालायला लावा. बोटांना पीठ लागलं की विचारा, "आज आहे. उद्या?" भरवसा शब्द इथे वापरा, त्याआधी नको.

"आम्ही प्रार्थना केली, तरी पाऊस आला नाही," असं कुणी म्हणालंच तर "तुझा विश्वास कमी पडला" हे उत्तर चुकूनही देऊ नका. एलीयाचा विश्वास होता, तरी त्याचा ओहोळ आटलाच, हे त्याच अध्यायातून दाखवा.

अनोळखी माणसाने मागितलं की द्यायचं, असाही अर्थ लहान मुलं काढतात. स्पष्ट सांगा: ती मोठी बाई होती, तुम्हाला कुणी अनोळखी बोलावलं तर घरच्यांकडे पळायचं.

याच अध्यायाच्या 17 व्या ओवीपासून (वचनापासून) विधवेचा मुलगा मरतो आणि पुन्हा जिवंत होतो. तो भाग त्याच दिवशी घेऊ नका. वर्गात कुणाचे वडील गेलेले असतील तर "माझे बाबा का नाही उठले?" हा प्रश्न येणारच. आधी त्या मुलाच्या घरी जाऊन त्याच्या आईशी बोला, मगच ठरवा.

घरचा अभ्यास एकच: पिठाचा डबा रिकामा व्हायला आला तेव्हा काय केलं, हे आजीला विचारून यायचं. पुढच्या रविवारी पहिली दहा मिनिटं त्या उत्तरांना द्या. नंतर 18 वा अध्याय काढा, त्यातला समुद्रावरून चढणारा तळहाताएवढा ढग दाखवायला स्वतःचा हात वर धरला की पुरे.