ग्रीक ट्रॅजेडी कशी वाचायची म्हणजे ती आत पोचते

आधी गोष्ट माहिती करून घ्या, स्पॉयलरची अजिबात भीती नको. अथेन्सच्या प्रेक्षकांना ईडिपसची, म्हणजे नकळत बापाला मारून आईशी लग्न केलेल्या राजाची, कथा ठाऊकच असायची तरी अ‍ॅक्रोपोलिसच्या उतारावर बसून ते सोफोक्लीसचं नाटक बघायचे, कारण आपल्याला सगळं माहितीये आणि त्या बिचाऱ्याला नाही, सगळा जीव त्यातच आहे.

दुसरं, चूक कोणाची हा हिशोब मांडत बसू नका प्लीज. अ‍ॅरिस्टॉटल म्हणतो की जे वाट्याला यायला नको होतं ते आलं की दया येते, आणि तो माणूस आपल्यासारखाच असला की भीती वाटते. ईडिपस शहरातली साथ थांबावी म्हणून मनापासून आधीच्या राजाचा खुनी शोधतोय आणि खुनी तोच निघतो, त्याला दोषी ठरवून मोकळे झालात की दया तिथेच संपते.

कोरिंथच्या दूताचा सीन मात्र एकदम हळू वाचा. तो बातमी आणतो की कोरिंथचा राजा पॉलिबस, ज्याला ईडिपस आपला बाप समजतो, तो वारला, म्हणजे ‘बापाला मारशील, आईशी लग्न करशील’ या भविष्यवाणीतली बापाला मारायची भीती गेली, मग आईबद्दलची भीती पण घालवायला जातो आणि सांगून टाकतो की ते तुमचे आईबाप नव्हतेच, बाळ असताना मीच तुम्हाला त्यांच्याकडे दिलं! इथे योकास्टावर, म्हणजे ईडिपसच्या बायकोवर (आणि खरं तर आईवर), लक्ष ठेवा, तिला त्याच्या आधी कळतं, ती विनवते की आता पुढे विचारू नकोस, आणि तो विचारतच राहतो. मला तरी याच्याइतका भीतीदायक सीन दुसरा माहिती नाही, आणि यात रक्ताचा थेंब नाही. तिचा गळफास, त्याचे डोळे, सगळं स्टेजच्या मागे होतं, आपण फक्त ऐकतो, म्हणून तो भाग मोठ्याने वाचा.

शेवट लांबलाय म्हणून पानं उलटू नका. वाईटात वाईट होऊन गेलंय, भीतीला आता काही उरलं नाही, आंधळा बाप मुलींना चाचपडत जवळ घेतो आणि मागे नुसती दया राहते, जे काही मोकळं व्हायचं ते इथेच होतं, घाई केलीत तर नाही होणार.

आणि स्वतःचं दुःख ताजं असेल तर त्याच विषयाचं नाटक लगेच घेऊ नका. फ्रिनिकस नावाच्या नाटककाराने मिलेटस हे अथेन्सच्या जवळचं ग्रीक शहर पर्शियनांच्या हाती पडल्यावर त्यावरच नाटक केलं, अख्खं थिएटर रडलं, आणि आपलंच दुःख आठवून दिलं म्हणून अथेन्सने त्याला 1000 द्राख्मा दंड केला. उलट इ.स.पू. 472 मध्ये नाटककार एस्किलसने ‘पर्शियन्स’ नाटकात हरलेल्या पर्शियनांचा, म्हणजे शत्रूचा शोक दाखवला आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. अशा वेळी ते वाचा.