तरुण संघाची वेळ, जागा आणि कारभारी बदलताना

चर्चच्या तरुण संघात काही बदलायचं असेल, तर ती बातमी मुलांना रविवारच्या सूचनांमधून कळू देऊ नका. भायखळ्याच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बरीच वर्षं संघाची सल्लागार आहे. मुलं मला मावशी म्हणतात, आणि पाळकसाहेबांपाशी, म्हणजे पास्टरांपाशी, जे निघत नाही ते माझ्यापाशी बोलतात. बहुतेक वेळा त्यांची तक्रार एकच असते: आम्हाला कोणी विचारलंच नाही.

आमच्याकडचा मोठा बदल घरांमुळे आला. पूर्वी संघातली मुलं भायखळा, माझगाव, परळहून पायी यायची. चाळी पडल्या, टॉवर उठले आणि कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली. नाव भायखळ्याच्या रजिस्टरात आणि राहणं बदलापूरला. रविवारी उपासनेनंतर थांबवावं तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, तोही साधारण अकरा ते चार. शनिवारी संध्याकाळी बोलवावं तर मुलींना घरी पोचायला रात्र होते आणि आई दारात उभी. शेवटी असं सुचवलं की संघ तीन भागांत, घरोघरी भरेल आणि महिन्यातून एकदा सगळे चर्चमध्ये जमतील.

असा प्रस्ताव मांडण्याआधी एक कागद घ्या आणि या बदलात कोणाचं काय जाणार आहे ते नावानिशी लिहा. फायदे लिहायला सगळेच तयार असतात, या यादीला मात्र वेळ लागतो. आमच्या यादीत पहिलं नाव तबला वाजवणाऱ्या मुलाचं होतं. तो चर्चपासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. सभेच्या तासभर आधी येऊन हॉल उघडायचा, पंखे लावायचा, हातोडीने एकेक लाकडी गठ्ठा ठोकत तबला हार्मोनियमच्या सुरात आणायचा. नव्या व्यवस्थेत त्याचा शनिवार रिकामा होणार होता, आणि हे त्याच्याशिवाय कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

अशा माणसाकडे आधी जा, तेही त्याच्या घरी. बदल समजावून सांगू नका, काय राहायला हवं ते विचारा. आमचा तबलेवाला बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मावशी, प्रत्येक घरात ठेका धरणारा एक तरी लागेल ना?" ते काम आम्ही त्याच्याकडेच दिलं. आता तो आळीपाळीने तिन्ही ठिकाणी जाऊन शिकवतो.

मुलांबरोबर बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय वाचा. पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची मदतीच्या रोजच्या वाटणीत उपेक्षा होत होती, म्हणून कुरकुर सुरू झाली. बारा प्रेषितांनी स्वतः माणसं निवडली नाहीत, मंडळीला सात जण निवडायला सांगितलं. त्या सातांची नावं मोठ्याने वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटणी गेली. मुलांना हे स्वतः सापडू द्या, तुम्ही आधी सांगू नका.

पास्टरेट कमिटीतल्या, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीतल्या, वडीलधाऱ्यांना संघ फुटेल अशी भीती वाटते. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना मुलांसमोर बोलायला बोलवा. १९७० साली नागपूरला सहा वेगवेगळ्या चर्चसंस्था एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा यातले कितीतरी जण स्वतः तरुण होते. तेव्हा घरात काय बोलणं झालं, काय सोडवत नव्हतं, ते त्यांना सांगू द्या. असं सांगणारा माणूस मुलांची बाजूही ऐकून घेतो.

गाण्यांचा प्रश्न येतोच. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मराठी गीतं पाठ असतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात आणि लाजेने तोंड मिटतात. रोमन लिपीतले कागद काढा, मात्र त्याच पानावर देवनागरीही छापा. गीतांची मराठी सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. आजीच्या अंत्यविधीला तीच गीतं म्हणायची असतात.

संघाचा सेक्रेटरी बदलताना बायबलमधलं गणना, सत्ताविसावा अध्याय बघा. मोशे हयात असतानाच सगळ्या मंडळीदेखत आपल्यामागून पुढारी होणाऱ्या यहोशवावर हात ठेवतो. आपल्याकडे जुना सेक्रेटरी नोकरी लागली की गुपचूप येईनासा होतो आणि कपाटाची किल्ली त्याच्या घरी राहते. किल्ली, जमाखर्चाची वही, शिल्लक रक्कम मोजून, आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद, हे सगळं एका सभेत, सर्वांसमोर द्या. पाळकसाहेबांनी दोघांसाठीही प्रार्थना करावी. जाणाऱ्याने पुढेही यावं, पण विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये.

वेळ निवडताना: फेब्रुवारी-मार्च बारावी-दहावीच्या परीक्षांचा, मे महिन्यात निम्मी मुलं नगर-जालन्याकडे गावी, नोव्हेंबरपासून नाताळची गाणी आणि कॅरलच्या फेऱ्या. जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंतचा काळ मला बरा वाटतो, पाऊस धरूनही. तीन महिने करून बघू असं सांगा आणि आढाव्याची तारीख त्याच दिवशी ठरवा.

घरच्या सभांबाबत एका गोष्टीत सूट देऊ नका. प्रत्येक सभेला दोन जबाबदार मोठी माणसं हवीत, त्यांतली एक बाई. दार उघडं. यजमानांचा पत्ता आणि फोन प्रत्येक मुलाच्या घरी आधी पोचलेला. सभा वेळेवर संपवा आणि मुलगी घरी पोचल्याचा निरोप येईपर्यंत फोन जवळ ठेवा.

तरी काही जण यायचे थांबतील. त्यांना ग्रुपवर मेसेज टाकू नका, घरी जा. का येत नाहीस, असं दारातच विचारू नका. चहा घ्या, कॉलेजचं, कामाचं ऐका, त्याच्या घरच्यांसोबत प्रार्थना करा, पुढची सभा कुठे आहे तेवढं सांगून निघा. दोन आठवड्यांनी परत जा, आणि या वेळी त्याच्या वयाचं कोणीतरी बरोबर न्या.